घटनात्मक राजाचं कायद्यात नेमकं काम काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत लॉच्या पोरांना घटना शिकवतो. ब्रिटन-जपानचं प्रकरण आलं की दरवर्षी तेच प्रश्न येतात, आणि २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ गेल्या तेव्हापासून तर बिल्डिंगमधल्या काकांपासून लोकलमधल्या ग्रुपपर्यंत सगळेच विचारायला लागलेत की हा राजा दिवसभर करतो तरी काय. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. आधीच सांगतो, राजाला पॉवर किती हे विचारत बसलात तर गोंधळच होणार. राजाची सही दिसली की दोनच गोष्टी बघायच्या, सल्ला कोणी दिला आणि जाब कोणाला विचारायचा. बरीच उत्तरं त्यातच मिळतात, आणि जिथे मिळत नाहीत तिथेच खरी मजा आहे.

घटनात्मक राजा म्हणजे नक्की कोण?

देशाचा प्रमुख जन्माने ठरतो, पण कारभार निवडून आलेलं सरकार करतं आणि राजा कायद्याच्या खाली असतो, वर नाही. लग्नपत्रिका डोळ्यासमोर आणा. निमंत्रण आजोबांच्या नावाने जातं, पण हॉल कोणता, केटरर कोण, पंगतीत जिलेबी की श्रीखंड यातलं आजोबांना कोणी काही विचारलेलं नसतं, तरी ते नाव नसेल तर पत्रिका पत्रिका वाटत नाही. राजाचं तसंच. कायदा त्याच्या नावाने, कोर्ट त्याच्या नावाने, सैन्य त्याच्या नावाने, आणि निर्णय मात्र दुसऱ्यांचे.

वॉल्टर बॅजट नावाच्या इंग्लिश पत्रकाराने १८६७ मध्ये राजाचे तीन हक्क सांगितले होते, त्याच्याशी सल्लामसलत व्हावी, त्याने प्रोत्साहन द्यावं आणि त्याने इशारा द्यावा. अजूनही सगळे तेच कोट करतात. ब्रिटनचा पंतप्रधान साधारण दर आठवड्याला राजाला जाऊन भेटतो ते याचसाठी, आणि त्या खोलीत काय बोलणं झालं ते बाहेर येत नाही.

राजाने कायद्यावर सही करायला नकार दिला तर?

हा सगळ्यात आवडता प्रश्न.

ब्रिटनमध्ये शेवटचा नकार १७०८ सालचा आहे, राणी ॲनने स्कॉटलंडच्या मिलिशियाचं म्हणजे स्थानिक फौजेचं बिल अडवलं होतं, आणि तेही मंत्र्यांच्या सल्ल्यानेच. त्यानंतर आजतागायत कोणी नाही म्हटलेलं नाही. कागदावर अधिकार आहे, वापरायची सोय नाही, कारण ज्या दिवशी राजा निवडून आलेल्या पार्लमेंटचं बिल स्वतःच्या मर्जीने अडवेल त्या दिवशी चर्चा बिलाची न होता राजा ठेवायचा की नाही याची सुरू होईल, आणि हे राजघराण्याला आपल्यापेक्षा जास्त चांगलं कळतं.

पण बेल्जियममध्ये खरंच पेच झाला होता. १९९० च्या मार्चमध्ये तिथल्या पार्लमेंटने गर्भपाताला मर्यादित परवानगी देणारा कायदा पास केला. राजा बोदुआँ कट्टर कॅथलिक. त्याने पंतप्रधानाला कळवलं की माझी सदसद्विवेकबुद्धी मला सही करू देत नाही, पण लोकशाही अडवायचीही माझी इच्छा नाही, तेव्हा तुम्हीच मार्ग काढा. मग घटनेतलं एक कलम शोधून काढलं गेलं. राजा राज्य करायला असमर्थ असला तर त्याचे अधिकार मंत्रिमंडळ वापरू शकतं, असं त्यात होतं. ते खरं आजारी राजासाठी किंवा शत्रूच्या कैदेत सापडलेल्या राजासाठी होतं, पण इथे लावलं. एप्रिलच्या सुरुवातीला मंत्रिमंडळाने राजा असमर्थ असल्याचं जाहीर केलं, सगळ्या मंत्र्यांनी मिळून कायद्यावर सह्या केल्या आणि साधारण दीड दिवसाने पार्लमेंटने राजाला पुन्हा समर्थ ठरवलं. वर्गात सांगितलं की पोरं हसतात. मला मात्र ही युक्ती भारी वाटते. राजाचा धर्मही राहिला, कायदाही झाला आणि कोणाला गादीवरून उतरावंही लागलं नाही.

लक्झेंबर्गमध्ये २००८ साली ग्रँड ड्यूक म्हणजे तिथले राजेच, आन्री, इच्छामरणाच्या कायद्याला मान्यता देणार नाही म्हणाले, तर तिथल्या पार्लमेंटने थेट घटनाच बदलली. आता ड्यूकने कायदा फक्त जाहीर करायचा, मान्यता द्यायचा प्रश्नच नाही. मलेशियाने त्याआधीच, १९९४ मध्ये, आणखी सोपं करून टाकलं होतं. बिल राजाकडे गेल्यावर ३० दिवसांत सही नाही झाली तरी ते कायदा होतं.

उलटं उदाहरणही आहे. लिक्टनस्टाइन नावाचा युरोपातला चिमुकला देश, तिथे राजपुत्रच देशाचा प्रमुख, आणि २००३ मध्ये लोकांनी सार्वमत घेऊन राजपुत्राचे अधिकार वाढवून दिले आणि २०१२ मध्ये त्याचा व्हेटो काढायचा प्रस्ताव आला तर तोही लोकांनीच मोठ्या फरकाने पाडला. म्हणजे तिथला राजपुत्र खरंच नाही म्हणू शकतो. त्याला ब्रिटन-जपानच्या रांगेत बसवावं का यावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत, माझं विचाराल तर बसवू नये.

कोर्टं राजाची म्हणतात, मग राजा निवाडा करतो का?

नाही, आणि हा मुद्दा चारशे वर्षांपूर्वीच मिटलाय. १६०७ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला जेम्स म्हणत होता की न्याय माझ्या नावाने होतो तर मी स्वतःच खटला का चालवू नये, बुद्धी काय फक्त न्यायाधीशांनाच असते का. तेव्हा मुख्य न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी सांगितलं की महाराज, बुद्धी तुम्हाला भरपूर आहे, पण कायदा हा नुसत्या बुद्धीचा विषय नाही, त्याला वर्षानुवर्षांचा अभ्यास लागतो, तेव्हा निवाडा कोर्टच करणार. राजा असा चिडला म्हणतात की विचारू नका. पण तत्त्व राहिलं.

नाव मात्र सगळीकडे राजाचं. ब्रिटनमध्ये फौजदारी खटला राजा विरुद्ध अमुक असा चालतो, नेदरलँड्समध्ये निकालपत्रावर राजाच्या नावाने असं लिहितात. स्पेनच्या १९७८ च्या घटनेतलं कलम ११७ मला यातलं सगळ्यात स्वच्छ वाटतं, न्यायाचा उगम जनतेत आहे आणि तो राजाच्या नावाने स्वतंत्र न्यायाधीश देतात. एका वाक्यात तिघांना आपापल्या जागी बसवलंय.

नेमणुकांचं काय, तर तिथेही तोच प्रकार. ब्रिटनमध्ये २००५ च्या कायद्यानंतर न्यायाधीश निवडायला स्वतंत्र आयोग आला, राजा शेवटी फक्त औपचारिक नेमणूक करतो. जपानमध्ये सम्राट सुप्रीम कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशाची नेमणूक करतो पण नाव मंत्रिमंडळ देतं, आणि तिथली घटना तर स्पष्टच म्हणते की कारभाराचे कुठलेही अधिकार सम्राटाला नाहीत, तो फक्त राष्ट्राचं प्रतीक. भूतानचा राजा सरन्यायाधीश नेमताना न्यायिक आयोगाशी सल्लामसलत करतो.

जाता जाता, ८ सप्टेंबर २०२२ ला राणी गेल्या त्या क्षणी लंडनमधले सगळे क्वीन्स काउन्सेल म्हणजे सीनियर वकील आपोआप किंग्ज काउन्सेल झाले, कोणाला अर्ज करावा लागला नाही. पाट्या आणि लेटरहेड मात्र बदलावी लागली.

राजावर केस करता येते का?

देशावर अवलंबून आहे. ब्रिटनच्या राजावर वैयक्तिकरीत्या ना फौजदारी चालते ना दिवाणी. सरकारवर मात्र चालते. पूर्वी सरकारवर नुकसानभरपाईचा दावा करायचा तर परवानगी मागावी लागायची, १९४७ च्या क्राऊन प्रोसीडिंग्ज ॲक्टने ती कटकट संपवली.

लोकांचा गैरसमज असा की अख्खं राजघराणंच सुटलेलं असतं. अजिबात नाही. २००२ मध्ये प्रिन्सेस ॲनच्या कुत्रीने विंडसरच्या पार्कात दोन मुलांना चावलं, राजकन्या कोर्टात उभी राहिली, गुन्हा कबूल केला आणि ५०० पौंड दंड झाला. खटला कोणाच्या नावाने? तिच्या आईच्या.

मलेशियात नऊ सुलतान आहेत आणि त्यांच्यातूनच पाच-पाच वर्षांसाठी देशाचा राजा निवडतात. तिथे १९९३ मध्ये घटना दुरुस्त करून सुलतानांचं वैयक्तिक संरक्षण काढलं आणि त्यांच्यासाठी स्पेशल कोर्ट केलं. स्पेनमध्ये राजा गादीवर असेपर्यंत त्याला हात लावता येत नाही. हुआन कार्लोस यांनी २०१४ मध्ये गादी सोडल्यावर त्यांच्यावरचे खटले फक्त सुप्रीम कोर्टात चालतील अशी घाईघाईने तरतूद झाली, पुढे पैशाच्या व्यवहारांची चौकशीही झाली, पण २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी ती बंद केली, आणि एक कारण हेच की त्यातला काही काळ ते राजा होते. मला हे पटत नाही. सरकारी कामाला संरक्षण समजू शकतो, कारण त्याचा जाब मंत्री देतो, पण खासगी पैशाचा जाब देणारा मंत्री कुठून आणणार?

रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव कोणीतरी काढतंच. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगून शास्त्रीबुवा पुणं सोडून गेले ही आपल्याकडची परंपरेने चालत आलेली कथा, आणि ती अभिमानाचीच आहे. पण त्यात एका माणसाचा कणा दिसतो, त्या निवाड्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणा काही नव्हती. राघोबांना शिक्षा झाली नाही.

पंतप्रधानाने राजाला चुकीचा सल्ला दिला तर? राजा तर ऐकायला बांधलेला.

बरोबर पकडलंत. २०१९ मध्ये हेच झालं. ब्रेक्झिटच्या गोंधळात बोरिस जॉन्सन यांनी राणीला सल्ला दिला की पार्लमेंट पाच आठवडे तहकूब करा. राणीने केलं, दुसरा पर्याय नव्हता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ११ न्यायाधीश बसले आणि २४ सप्टेंबरला एकमताने निकाल आला की पार्लमेंटला कामापासून अडवायला सबळ कारण दिलेलं नाही, सल्लाच बेकायदेशीर, म्हणून त्यावर निघालेला आदेशही मुळातच रद्दबातल, जणू कोरा कागद घेऊन माणसं पार्लमेंटमध्ये गेली होती.

बघा, राणीला कोणी काही बोललं नाही. तिच्या नावाचा आदेश उडाला पण ठपका सल्ला देणाऱ्यावर आला. सुरुवातीला म्हटलं ना, सल्ला कोणी दिला ते बघायचं, ते यासाठी. राजा बोलत नाही म्हणूनच कोर्टाला पंतप्रधानाचा कान धरता येतो.

शिक्षा माफ करायचा अधिकार तरी राजाचा स्वतःचा असतो का?

तोही सल्ल्यानेच. कॉम्प्युटरचा पाया घालणारे ॲलन ट्युरिंग, त्यांना समलैंगिक संबंधांवरून १९५२ मध्ये दोषी ठरवलं होतं, त्यांना राणीने डिसेंबर २०१३ मध्ये मरणोत्तर माफी दिली, पण शिफारस कायदामंत्र्यांची. मलेशियात मे २०१८ मध्ये राजाने जेलमधले राजकीय नेते अन्वर इब्राहिम यांना माफी दिली, ते जेलमधून थेट राजकारणात परत आले आणि साडेचार वर्षांनी पंतप्रधानही झाले. आपल्याकडे कलम ७२ खाली राष्ट्रपती दयेचा अर्ज ठरवतात, तोही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच.

मग राजाला स्वतःचं डोकं वापरायची वेळ कधी येतच नाही?

येते. सल्ला देणाराच जागेवर नसतो किंवा सल्ला देणारा कोण यावरच भांडण असतं तेव्हा.

मलेशियाची २०२२ ची निवडणूक बघा. कोणालाच बहुमत नाही. राजाने पक्षांच्या नेत्यांना बोलावलं, बैठका घेतल्या, आणि २४ नोव्हेंबरला अन्वर इब्राहिम यांना शपथ दिली. इथे राजाने खरोखर ठरवलं. स्पेनमध्ये २३ फेब्रुवारी १९८१ ला बंदूकधारी गार्ड पार्लमेंटमध्ये घुसले, अख्खं सरकार आत अडकलं, तेव्हा त्याच हुआन कार्लोसनी रात्री टीव्हीवर लष्करी गणवेशात येऊन सांगितलं की राजमुकुट लोकशाहीच्या बाजूने आहे. बंड फसलं. एकाच माणसाच्या नावावर ही रात्रही आहे आणि नंतरच्या त्या चौकशाही, असं असतं.

आणि ऑस्ट्रेलिया १९७५. तिथे राणीचा प्रतिनिधी म्हणजे गव्हर्नर जनरल जॉन कर. सिनेटने बजेट अडवून धरलं, पंतप्रधान गॉफ व्हिटलम हटेनात, तर ११ नोव्हेंबरला करसाहेबांनी त्यांना बडतर्फच केलं आणि विरोधी नेत्याला काळजीवाहू पंतप्रधान केलं. लोअर हाऊसमध्ये बहुमत असलेला पंतप्रधान न निवडलेल्या माणसाने काढला! पुढच्या निवडणुकीत व्हिटलम सपाटून हरले, म्हणून काही लोक म्हणतात करचं बरोबर होतं. मला हे लॉजिक पटत नाही, निवडणूक कोण जिंकलं त्यावरून आधी वापरलेला अधिकार योग्य ठरत नाही. तिथे आजही या विषयावर दोन तट आहेत.

काही देशांनी ही डोकेदुखीच नको म्हणून राजाला बाजूला केलं. स्वीडनच्या १९७४ च्या घटनेनुसार पंतप्रधानाचं नाव पार्लमेंटचा स्पीकर सुचवतो आणि कायद्यावर राजाची सहीसुद्धा लागत नाही. नेदरलँड्सने २०१२ मध्ये सरकार बनवायच्या बोलणीतून राजमुकुटाला बाहेर काढलं. आणि दोन्हीकडे राजा आहे, सुखात आहे.

आपले राष्ट्रपती म्हणजे निवडून आलेले राजाच ना?

बरंचसं हो. घटनासमितीने मॉडेल तिकडूनच उचललं. कलम ७४ प्रमाणे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, १९७४ च्या शमशेर सिंग केसमध्ये सात न्यायाधीशांनी ते पक्कं केलं, मग ४२ व्या दुरुस्तीने ते घटनेत लिहून टाकलं आणि ४४ व्या दुरुस्तीने एवढी सवलत दिली की सल्ला एकदा परत पाठवता येईल, पण दुसऱ्यांदा तोच आला तर मानायचाच.

फरकही आहेत. राष्ट्रपती निवडून येतात, पाच वर्षांनी जातात, महाभियोगाने काढता येतात आणि शपथ घटनेच्या रक्षणाची घेतात. ब्रिटनमध्ये न्यायाधीश शपथ राजाची घेतात, आपले घटनेची.

आणि गंमत म्हणजे, जे ब्रिटनचा राजा तीनशे वर्षं करू धजला नाही ते आपल्याकडे झालंय. ग्यानी झैलसिंग यांनी १९८६ च्या पोस्टाच्या बिलावर सही पण केली नाही आणि परत पण पाठवलं नाही, नुसतं ठेवून दिलं, त्यातून लोकांची पत्रं उघडायची मुभा सरकारला मिळणार होती. राज्यपालांचं तर विचारूच नका. तामिळनाडूच्या राज्यपालांनी अडवलेली १० बिलं एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी मंजूर झाली असं धरलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाच न्यायाधीशांनी राष्ट्रपतींच्या प्रश्नावर मत दिलं की असं गृहीत धरता येणार नाही आणि कोर्टाला मुदतही ठरवून देता येणार नाही. म्हणजे मलेशियाचा ३० दिवसांचा नियम आपल्याला हवा असेल तर तो घटनादुरुस्तीनेच येईल.

साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे, ही घटनात्मक राजेशाहीच नव्हती का?

दिसायला तशीच. १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर कारभार पुण्याला गेला, पण पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच यावी लागायची. नाव एकाचं, कारभार दुसऱ्याचा. पण सत्ता राजाकडून गेली ती दुसऱ्या एका घराण्याकडे गेली, लोकांकडे नाही, आणि पेशव्याला जाब विचारणारी सभा नव्हती. म्हणून मी नाही म्हणतो.

खरं मराठी उदाहरण हवं असेल तर औंध बघा. साताऱ्याजवळचं ७२ गावांचं छोटं संस्थान, राजे भवानराव पंतप्रतिनिधी, तेच सूर्यनमस्कारवाले. त्यांनी १९३९ मध्ये आपणहून प्रजेला घटना दिली. मसुद्यामागे गांधीजी होते, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन होते, पाया गावच्या पंचायतीचा होता, आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत पंतप्रधान झाले. आजूबाजूचे संस्थानिक गादी टिकवायच्या खटपटीत असताना एक राजा स्वतःचे अधिकार लिहून देतोय, आणि हे आपल्या शाळेच्या पुस्तकात चार ओळीतही नीट येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मुंबई हायकोर्टात राणीचं अजून काही शिल्लक आहे का?

अहो आहे की. हायकोर्टाचा जन्मच राणी व्हिक्टोरियाच्या २६ जून १८६२ च्या लेटर्स पेटंटने, म्हणजे राजसनदेने झाला. आजही फोर्टमधला वकील ओरिजिनल साइडला म्हणजे थेट हायकोर्टात दावा लावताना दाव्याचं कारण थोडं मुंबईबाहेर घडलेलं असेल तर क्लॉज बाराची लीव्ह म्हणजे परवानगी मागतो, तो क्लॉज त्याच लेटर्स पेटंटच्या १८६५ च्या आवृत्तीतला. लेटर्स पेटंट अपील हा शब्दही तिथलाच. राणी गेली, प्रजासत्ताक आलं, क्लॉज राहिला, कारण घटनेने जुने कायदे नवीन कायदा येईपर्यंत चालू ठेवले.

त्याच कोर्टात १९०८ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला. कागदावर नाव सम्राट विरुद्ध बाळ गंगाधर टिळक. तो सम्राट कोण, तर सातवा एडवर्ड, म्हणजे ज्याच्या घोड्यावरून काळा घोडा हे नाव पडलं तोच. त्याचा पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवला आणि २०१७ पासून फोर्टात स्वार नसलेला नवीन घोडा उभा आहे. टिळकांनी शिक्षा ऐकताना काढलेले उद्गार मात्र ४६ नंबरच्या कोर्टाबाहेर संगमरवरात कोरलेले आहेत.

प्रिव्ही कौन्सिल म्हणजे काय? ते अजून आहे का?

आहे. लंडनमधली ही राजाची सल्लागार समिती, तिची न्यायसमिती वसाहतींची शेवटची अपिलं ऐकायची. टिळकांचं ताई महाराज प्रकरण म्हणजे दत्तकाचा वादही तिथेच संपला, १९१५ मध्ये, टिळकांच्या बाजूने. निकालाची भाषा अशी की आम्ही महाराजांना नम्र सल्ला देतो, आणि राजाला दोन वेगळे सल्ले कसे द्यायचे म्हणून १९६६ पर्यंत विरोधी मत छापतच नसत. भारताने १९४९ मध्ये हे बंद केलं. जमैका अजून जातो, आणि मॉरिशस तर प्रजासत्ताक असूनही जातो.

राजावर टीका केली तर जेल होते का?

थायलंडमध्ये होते. तिथे १९३२ पासून घटनात्मक राजेशाही आहे, पण दंडसंहितेच्या कलम ११२ खाली राजा, राणी किंवा वारसाचा अपमान केला तर एका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं. ब्रिटनमध्ये राजावर रोज कार्टून येतात. दोन्हीकडे राजाला घटनात्मकच म्हणतात, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका.

राजाला रिटायर होता येतं का?

भूतानमध्ये व्हावंच लागतं, २००८ ची घटना म्हणते ६५ वर्षं झाली की गादी सोडायची. जपानच्या राजघराण्याच्या कायद्यात सोयच नव्हती, म्हणून अकिहितो यांच्यासाठी २०१७ मध्ये स्पेशल कायदा केला आणि ते ३० एप्रिल २०१९ ला पायउतार झाले. ब्रिटनमध्ये १९३६ ला आठव्या एडवर्डला लग्नासाठी गादी सोडायची होती तर त्यालाही पार्लमेंटचा कायदा लागला. राजीनाम्याचा कागद देऊन राजाला जाता येत नाही.

मतदान, पासपोर्ट, टॅक्स?

ब्रिटनचा राजा प्रथा म्हणून मत देत नाही. पासपोर्ट त्याच्याच नावाने निघतात म्हणून त्याला लागत नाही. इन्कम टॅक्स १९९३ पासून राजमुकुट स्वेच्छेने भरतो.

लोकांना राजा नको झाला तर?

काढता येतो. बार्बाडोसने ३० नोव्हेंबर २०२१ ला शांतपणे काढला. ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये सार्वमत घेतलं पण साधारण ५५ टक्के लोक नाही म्हणाले, मुख्य भांडण नवा राष्ट्राध्यक्ष कसा निवडायचा यावर होतं. नेपाळचा धडा वेगळा. १९९० च्या घटनेने राजा घटनात्मक झाला होता, पण १ फेब्रुवारी २००५ ला ग्यानेंद्रनी सरकार बरखास्त करून सगळी सत्ता हातात घेतली. पुढच्या वर्षी लोक रस्त्यावर उतरले आणि २८ मे २००८ ला राजेशाहीच संपली.

दुसऱ्या चार्ल्सने मुंबई कंपनीला १० पौंड भाड्याने दिली होती, मग तिसरा चार्ल्स ती परत मागू शकतो का?

हा प्रश्न पोरं दरवर्षी हसत हसत विचारतात. बेटं लग्नाच्या तहात पोर्तुगालकडून आली, १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला दिली, हे खरं आहे. पण १८५८ मध्ये कंपनीचा कारभार राणीकडे गेला, १९४७ च्या इंडियन इंडिपेंडन्स ॲक्टने ब्रिटिश सरकारची इथली जबाबदारी संपली, आणि २६ जानेवारी १९५० पर्यंत जे काही नावापुरतं उरलं होतं, म्हणजे सहावा जॉर्ज आपला राजा आणि राजगोपालाचारी त्याचे गव्हर्नर जनरल, तेही गेलं. आणि समजा त्याला मागायचीच असली, तरी आधी ब्रिटनच्या एखाद्या मंत्र्याने त्याला तसा सल्ला द्यावा लागेल.